आमच्या डोंगरावरची जीप आणि तिचे मिणमिणते दिवे

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा. रात्रीचाच विषय आहे.

परवा गडचांदूरहून जिवतीला वर येत होतो. अंधार पडून तासभर झाला असेल. घाटाच्या एका वळणावर समोर काहीच दिसेना आणि एकदम दहा हातांवर कापसाची भरलेली ट्रॉली उभी. टेललाइट नाही, रेडियम नाही, टायरमागे लावलेला दगड तेवढा दिसला. ब्रेक लागला म्हणून ही पोस्ट लिहितोय. घरी आलो, पाणी प्यायलो आणि दारातल्या काकांच्या जुन्या जीपकडे बघत बसलो. आमच्या डोंगरावर गाडी आली तेव्हापासून तिचे दिवे मंदच आहेत. असं का, हे एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

आधी थोडा आपला इतिहास, कारण आता पोरांना तो माहीत नाही. हा माणिकगडचा डोंगर जुन्या निजामी राज्यातला. राजुरा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा तो नांदेड जिल्ह्याला जोडला आणि 1959 ला चांदा जिल्ह्यात आला. जिवती तालुका त्याच राजुऱ्यातून पुढे वेगळा झाला. कुमराम भीम 1940 मध्ये ज्या जोडेघाटला मारला गेला ते गाव याच डोंगररांगांच्या पलीकडच्या अंगाला आहे. त्याच्या मागोमाग निजाम सरकारने हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाला गोंडांची हालत पाहायला पाठवलं. हा सगळा मुलूख पायवाटेचा आणि बैलगाडीचा होता. कोलामांचे गुडे, गोंडांची गावं, आणि रात्री उजेड म्हणजे चूल, टेंभा, फार तर कंदील. पुढे 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून माणसं डोंगरावर आली. आमचं घर त्यातलंच. आज्या सांगायची की नांदेडकडून निघालो ते बैलगाडीला कंदील बांधून. गाडीच्या खाली, आसाजवळ टांगायचा. बैलांना उजेड लागत नाही, मागून येणाऱ्याला लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटार आली ती जंगलच्या ठेकेदाराची. बांबू आणि तेंदूपानाचा ठेका घेणारे लोक जीप घेऊन यायचे. दुसरी जीप सरकारी. 1952 मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि 1962 ला आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून जीप म्हणजे सरकार असं समीकरण बसलं. गावात जीप आली की पोरं धावायची आणि ज्यांची जमीन अतिक्रमणात होती ती मोठी माणसं शेताकडे निघून जायची.

आता ही जीप मुळात कुठली? अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली विलिस कंपनीची. आणि गंमत अशी की या गाडीचे दिवे मंद होते ते मुद्दाम. लढाईत रात्री गाडी दिसली तर वरून बॉम्ब पडणार. म्हणून लष्करी जीपला नेहमीच्या हेडलाइटशिवाय वेगळे ब्लॅकआउटचे दिवे होते. पुढे मडगार्डवर टोपी घातलेला एक छोटा दिवा आणि मागे मांजराच्या डोळ्यांसारख्या बारीक फटी. त्या फटींची रचना इतकी हुशार की मागच्या ड्रायव्हरला अगदी जवळून चार ठिपके दिसायचे, थोडं मागे गेलं की दोन आणि आणखी मागे गेलं की एकच. म्हणजे अंतर कळायचं. टेललाइट नुसता लाल दिसून भागत नाही, पुढची गाडी किती लांब आहे ते त्यातून कळलं पाहिजे, हे त्या फौजी इंजिनिअरांना 1940 च्या दशकात कळलं होतं. आमच्या ट्रॉलीवाल्यांना 2020 च्या दशकात कळायचंय. दुसरी गंमत म्हणजे हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असायचे. बोनेट उघडून दिवा उलटा फिरवला की इंजिनावर उजेड. रात्री दुरुस्तीला बॅटरी धरायला माणूस नको.

युद्ध संपलं आणि डिस्पोजलच्या जीपा बाजारात आल्या. मुंबईत महिंद्रा कंपनीने 1949 मध्ये माझगावला विलिस जीप जोडायला सुरुवात केली. (त्याच काळात लंडनहून लष्करासाठी मागवलेल्या जुन्या जीपांचं प्रकरण गाजलं. दोन हजारांचा सौदा, आल्या 155 आणि त्याही कामाच्या नाहीत. स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा जीपचाच, हे आपल्या लोकांना सांगितलं की हसतात.)

त्याच्याही आधीचं जरा मागे जाऊन सांगतो. मोटारीला सुरुवातीला विजेचे दिवे नव्हतेच. कार्बाइडचे होते. डब्यात कार्बाइडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू पेटवायचा. तोच वायू आज आपला वेल्डिंगवाला वापरतो. 1912 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसाच्या डोक्यातून. 1940 पासून अमेरिकेत सात इंची गोल सील्ड बीम दिवा सगळ्यांना सारखाच केला. काच, रिफ्लेक्टर, तार सगळं एकत्र बंद, उडाला की अख्खा बदलायचा. मुलकी जीपला तोच सात इंची आला. आपल्या अ‍ॅम्बेसेडरलाही सात इंचीच. हा योगायोग आपल्या फायद्याचा, कारण त्या मापाचं सामान अजून मिळतं. नव्या गाड्यांचा हेडलाइट फुटला तर किंमत ऐकून माणूस खाली बसतो. जुन्या जीपवाल्याला तो त्रास नाही.

मग मंद का?

पहिलं कारण सहा व्होल्ट. जुन्या जीपांना सहा व्होल्टची बॅटरी होती. साधं गणित करा. 45 वॅटचा दिवा सहा व्होल्टवर साडेसात अ‍ॅम्पियर ओढतो. तोच बारा व्होल्टवर पावणेचार. जितका करंट जास्त तितकी वायरमध्ये आणि प्रत्येक सांध्यावर गळती जास्त. शेतात पाइपलाइन टाकणाऱ्याला हे लगेच कळेल. बारीक पाइपातून जास्त पाणी ढकललं तर शेवटच्या नोझलला धार राहत नाही. म्हणून 1950 च्या दशकात अमेरिकन गाड्या बारा व्होल्टवर गेल्या आणि नंतरच्या महिंद्रा जीपाही बारा व्होल्टच्याच.

दुसरं कारण डायनॅमो. सायकलचा डायनॅमो आठवतोय? टायरला घासून फिरणारी बाटली. जोरात पायडल मारलं की लखख, चढावर उतरून ढकलायला लागलो की अंधार. आणि नेमका तिथेच हवालदार उभा, दिव्याशिवाय सायकल म्हणून. जीपच्या डायनॅमोचंही तेच. इंजिन हळू फिरत असलं की तो चार्ज करत नाही, सगळा भार बॅटरीवर. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हळू घ्यावी लागते, म्हणजे जिथे उजेडाची गरज सगळ्यात जास्त तिथेच दिवा पिवळा पडतो. माझे काका अशा जागी क्लच दाबून रेस द्यायचे. गाडी तिथल्या तिथे, इंजिन बोंबलतंय आणि दिवे क्षणभर उजळले की तेवढ्यात पुढचा खड्डा पाहून घ्यायचा. मी लहानपणी समजायचो की गाडी चालवायची पद्धतच ही. अल्टरनेटर आल्यावर हा प्रश्न बराच सुटला, कारण तो कमी फेऱ्यांतही करंट देतो.

काकांची जीप एका ठेकेदाराकडून घेतलेली. आधी पेट्रोल, मग परवडेना म्हणून डिझेल इंजिन टाकलं. आपल्याकडे शेकडो जीपांचं असं झालंय. इंजिन बदललं, पाटे बदलले, हूड तीनदा बदललं. वायरिंग मात्र तीच. ती जीप रात्री कितीदा खाली उतरली त्याला हिशेब नाही. साप चावलेला माणूस, अडलेली बाई, तापाने फणफणलेलं लेकरू. डोंगरावर तेव्हा फोन नव्हता, गाडी हीच सोय. एकदा बाळंतपणाची बाई घेऊन निघालो तेव्हा एक हेडलाइट गेलेला आणि दुसरा विझायच्या बेतात. मला बोनेटवर बसवलं, हातात तीन सेलची बॅटरी. "आरं डावीकडं मार, डावीकडं, दरी तिकडं हाय!" काका ओरडत होते आणि मागे ती बाई कण्हत होती. मी चौदा वर्षांचा. खाली अमलनाल्याजवळ सपाटीला लागलो तेव्हा कळलं की भीतीने मी बॅटरी इतकी घट्ट धरली होती की बोटं उघडेनात. बाळ सुखरूप झालं. ते आता कमांडर चालवून थकलं आणि पुण्याला कंपनीत लागलं.

कमांडरचं नाव निघालंच आहे तर काळीपिवळीबद्दल बोलू. एसटी दिवसातून एकदोनदा, ती हुकली की कमांडर नाहीतर ट्रॅक्स. आत दहाबारा, मागच्या पायरीवर चारपाच, टपावर आणखी. आता यात दिव्याचा काय संबंध? मागे पायरीवर लोक उभे राहिले की टेललाइट कुणाच्या ना कुणाच्या धोतराआड जातो. आणि मागे वजन बसलं की पुढचं तोंड वर होतं, हेडलाइट रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात. म्हणून समोरचा अप्पर मारतो, हाही मारतो आणि दोघंही आंधळे होऊन एकमेकांजवळून जातात. वाचलो तर देवाची कृपा.

आता दुरुस्तीचं. आपल्याकडे पद्धत काय? उजेड कमी पडला, जास्त वॅटचा बल्ब टाका. ठरलेला हॅलोजन 60/55 वॅटचा, दुकानात 100/90 चा मिळतो, तोच द्या. मीही टाकला होता. दोन दिवस फार भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डातून जळका वास, बल्बचा होल्डर वितळलेला, डिपर गरम. जास्त वॅट म्हणजे जास्त करंट, आणि तीच जुनी बारीक वायर. शिवाय तो बल्ब रस्त्यावर वापरायला कायद्याने परवानगी नाही ते वेगळंच.

मग राजुऱ्याच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मला दोन गोष्टी शिकवल्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ते म्हणाले, "बल्ब खराब नाही बाबू, बल्ब उपाशी आहे." त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर बारा, बल्बवर दहाच्या आसपास. आता हे दोन व्होल्ट किरकोळ वाटतात ना? तारेच्या बल्बचं गणित वेगळं असतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड दहा टक्के घटत नाही, साधारण तीस टक्के घटतो. बाराचे दहा झाले तर उजेड जवळजवळ अर्ध्यावर येतो. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं अर्ध्या उजेडात घाट उतरत होतो आणि दोष बल्बला देत होतो.

ते दोन व्होल्ट गेले कुठे? काही डिपरमध्ये. जुन्या जीपचा डिपर हाताने नाही, पायाने दाबायचा. डाव्या पायाजवळ, फळीवर बटण. सगळ्या गाडीचा चिखल तिथे. आमच्या पावसाळ्यात चपलेला लागलेली माती त्या बटणावर बसणार, पाणी आत जाणार, आतल्या पत्र्या गंजणार. आणि हेडलाइटचा पूर्ण करंट त्याच पत्र्यांतून. यावर उपाय रिलेचा. बॅटरीकडून जाड वायर फ्यूज टाकून थेट रिलेला, तिथून दिव्याला. स्विच आणि डिपर फक्त रिलेला हुकूम देणार. मालक ओरडतो आणि गडी ओझं उचलतो, असं समजा. हुकमाला करंट लागतो नावापुरता.

बाकीचं सगळं अर्थमध्ये गेलेलं. लोक प्लसची वायर बघतात, अर्थ कुणी बघत नाही. जीपमध्ये परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं शरीर. दिवा मडगार्डला, मडगार्ड बोल्टने बॉडीला, बॉडी रबरावर चासीला, चासी बॅटरीला. मधल्या प्रत्येक बोल्टखाली गंज आणि चार वेळा मारलेला रंग. दिवाळीला हौसेने गाडी रंगवली की दिवे आणखी मंद होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ओळखायचं कसं? ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणला, किंवा इंडिकेटर दिल्यावर टेललाइट त्याच्याच तालावर कमीजास्त व्हायला लागला, तर समजा अर्थ गेला. करंटला घरी जायला रस्ता मिळेना म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय. त्या म्हाताऱ्यांनी प्रत्येक दिव्यापासून एक काळी वायर चासीपर्यंत ओढली, रंग खरवडून, चकती टाकून, वरून ग्रीस लावून. पुन्हा मीटर लावला. दिवा चालू ठेवून बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजायचं. आधी एक व्होल्टच्या वर होतं, मग काटा जेमतेम हलला. तोच 60/55 चा बल्ब. मी भिंतीवर उजेड बघून म्हटलं, नवीन टाकला का? ते हसले फक्त.

रिफ्लेक्टरचं एक सांगतो. आतला आरसा काळवंडला की काहीही करा, उजेड येत नाही. आणि तो फडक्याने पुसू नका. चकाकी निघून येते हातात. सात इंची नवा बसवा, H4 चा, काम संपलं. त्यानंतर भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली घ्या. हे दहा मिनिटांचं काम कुणीच करत नाही.

आता एलईडी. निळी एलईडी 1990 च्या दशकात जपानमध्ये जमली, त्या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं, आणि निळ्यावरूनच पांढरा उजेड शक्य झाला. चीज उत्तम आहे. करंट कमी खाते, जुन्या डायनॅमोवरचा भार उतरवते. पण हेडलाइटमध्ये नुसता एलईडीचा बल्ब कोंबणं हा मात्र शहाणपणा नाही. तो रिफ्लेक्टर बनलाय एका बारीक तारेसाठी, ठरलेल्या जागी. तिथे दुसऱ्या आकाराचा उजेड ठेवला की झोत चारी दिशांना फुटतो. चालवणाऱ्याला पांढरंशुभ्र दिसतं म्हणून तो खूश. समोरून मोटारसायकलवर बायको-लेकरं घेऊन येणाऱ्याला काय दिसतं ते त्याला विचारा. आमच्या वळणांवर दोन सेकंद आंधळं होणं पुरेसं आहे.

मागच्या दिव्यात मात्र एलईडी जरूर टाका, पण लाल काचेमागे लालच. पांढरी टाकली तर काच तिच्यातला बराच उजेड गिळून टाकते. इंडिकेटरला टाकलीत तर फ्लॅशरही बदलावा लागेल. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून टिकटिक करतो, एलईडी त्याला तापूच देत नाही. मग इंडिकेटर लागून राहतो आणि मागचा गोंधळतो.

कायदा काय म्हणतो? 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर 15 मीटरवरून वाचता आला पाहिजे. 155 मीटर म्हणजे आपल्या घाटात दोन वळणं मागे. ट्रॉलीचं सोडा, तालुक्यातल्या किती जीपांचा, किती टिप्परचा मागचा दिवा एवढ्या लांबून दिसतो? गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आले त्याला आता चाळीस वर्षं झाली, तेव्हापासून खालच्या रस्त्यावर ट्रकची रांग तुटत नाही. ती धूळ टेललाइटच्या काचेवर बसते, पावसात घट्ट होते आणि लाल दिव्याचा विटकरी होतो. त्याला ना रिले लागतो ना मीटर. ओलं फडकं लागतं.

1965 आणि 1971 च्या युद्धात शहरांत हेडलाइटला काळा रंग फासायचे, शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून. आमच्या ट्रॉल्या बिनरंगाच्याच अदृश्य आहेत. दिवसा तपासणी होते, कागद बघतात, पावती फाडतात. रात्री घाटात कोणी नसतं. रस्ता खराब आहे हे आपण दर निवडणुकीला बोलतो आणि बोललंच पाहिजे. 14 गावांचं तर विचारूच नका, दोन राज्यांची दोन रेशनकार्डं आणि रस्त्याला वाली नाही. पण काळी वायर ओढायला, काच पुसायला किंवा ट्रॉलीला रेडियम चिकटवायला आपल्याला ना मुंबई लागते ना हैदराबाद.

तर असं ठरवलंय. कापूस अजून दोन महिने खाली उतरणार. येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही चारपाच जण लाल रेडियमच्या पट्ट्या घेऊन जिवतीत बसतोय. बैलगाडी, ट्रॉली, जुनी जीप, जे येईल त्याला मागे लावून देऊ, पैसे नकोत. मीटर आणि टेस्ट लॅम्प माझ्याकडे आहे, कुणाला अर्थ तपासून हवा असेल तर गाडी घेऊन या. राजुऱ्याचे म्हातारबुवाही यायला तयार आहेत, फक्त त्यांना सकाळी आणायला आणि अंधार पडायच्या आत परत सोडायला कुणीतरी गाडी द्या. रात्रीचा घाट ते उतरत नाहीत.